प्रथिनांचे पुंजके आणि चेतापेशीचे पटल : एका वैद्यकीय प्रश्नाची वाटचाल

प्रास्ताविक

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की म्हातारपणी पडणारा विसर हा वयाचाच भाग आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. वैद्यकशास्त्राला मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत हे गृहीत सोडून द्यावे लागले. स्मृतिभ्रंश, कंपवात यांसारख्या विकारांत मेंदूतील चेतापेशी मरतात आणि अशा मेंदूत प्रथिनांचे न विरघळणारे साठे सापडतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आले होते. परंतु साठा सापडणे वेगळे आणि पेशी कशी मरते हे सांगता येणे वेगळे. या दोहोंमधील अंतर अजूनही पूर्णपणे कापले गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एकाच धाग्याचा इतिहास मांडला आहे. तो धागा म्हणजे प्रथिनांचे पुंजके आणि पेशीभोवतीचे पातळ पटल यांचा परस्परसंबंध. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : सूक्ष्मदर्शकाखाली जे मोठे व ठळक दिसले त्यालाच दीर्घकाळ रोगाचे कारण मानले गेले. अपायाचा मोठा भाग लहान, सहज न दिसणाऱ्या पुंजक्यांकडून आणि पटलाच्या जागी होत असावा, ही शक्यता त्यामुळे उशिरा विचारात आली. या उशिराची किंमत केवळ ग्रंथालयापुरती नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्के व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असावा. औषधाचा नेम कशावर धरायचा, हे ज्या उत्तरावर अवलंबून आहे त्याचा इतिहास म्हणूनच समजून घेण्यासारखा आहे.

नावातला गोंधळ

या साठ्यांना 'अमायलॉइड' म्हणतात. हे नाव मुळातच चुकीच्या समजुतीतून आले आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ साली मेंदूतील काही सूक्ष्म कणांवर आयोडीन आणि गंधकाम्ल टाकून पाहिले. रंग बदलला तो पिष्टमय पदार्थाप्रमाणे. लॅटिनमध्ये पिष्टाला 'अमायलम' म्हणतात, म्हणून पिष्टासारखे ते अमायलॉइड. पाच वर्षांनी, १८५९ साली, फ्रीडरिख आणि केकुले यांनी अमायलॉइडच्या साठ्यांचे रासायनिक विश्लेषण केले. त्यांत पिष्ट नव्हते. नायट्रोजनचे प्रमाण पाहता तो पदार्थ प्रथिन होता. नाव मात्र तेच राहिले.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की पुढच्या शतकभर याच पद्धतीची पुनरावृत्ती झालेली दिसते. एखादा रंग एखाद्या गोष्टीला चिकटतो, ती गोष्ट दिसू लागते, आणि जे दिसते त्यालाच नाव व महत्त्व मिळते. १९२२ साली बेनहोल्ड यांनी काँगो रेड हे कापड रंगवण्याचे द्रव्य अमायलॉइडला चिकटते हे दाखवले. १९२७ साली बेल्जियममधील पॉल दिव्हरी यांनी त्याच रंगाच्या साहाय्याने वृद्धांच्या मेंदूतील ठिपके हेदेखील अमायलॉइडच आहेत, असे प्रतिपादन केले.

फ्रँकफर्ट, प्राग आणि पॅरिस

मेंदूतील या ठिपक्यांची कथा ऑगस्ट डेटर या स्त्रीपासून सांगण्याची प्रथा आहे. १९०१ साली नोव्हेंबर महिन्यात, वयाच्या ५१व्या वर्षी, तिला फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. स्मरणशक्ती ढासळलेली, पतीविषयी निराधार संशय, स्वतःचे नाव लिहितानाही अडखळणे अशी तिची अवस्था होती. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर पुढे म्युनिकला गेले. पण ही रुग्ण त्यांच्या मनातून गेली नाही. एप्रिल १९०६ मध्ये तिचे निधन झाल्यावर तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला आणि बिएल्शोव्स्की यांच्या चांदीच्या रंगपद्धतीने तपासला. पेशींच्या बाहेर ठिपके आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते, असे दोन प्रकारचे साठे त्यांना दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी ही नोंद मांडली. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

याच सुमारास प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाच्या १६ रुग्णांपैकी १२ जणांच्या मेंदूत असेच ठिपके पाहिले होते. त्यांचा १९०७ सालचा निबंध मात्र दीर्घकाळ विस्मृतीत गेला. कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालीच केले होते. पण त्या रोगात मेंदूच्या पेशींत आढळणारे गोलसर कण फ्रीडरिख लेवी यांनी १९१२ साली नोंदवले आणि १९१९ साली पॅरिसमध्ये ट्रेट्याकॉफ यांनी त्यांना 'लेवी पिंड' असे नाव दिले.

अशा रीतीने १९२० च्या आतच दोन्ही प्रमुख रोगांच्या खुणा हाती आल्या होत्या. पेशी मेलेल्या दिसत होत्या, साठे दिसत होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध लावणे स्वाभाविक होते. तो नेमका कोणत्या प्रकारचा, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते.

अंड्याचा पांढरा बलक आणि प्रथिनांची घडी

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक प्रकारे दुमडली गेली की आपले काम करते. घडी बिघडली की साखळ्या एकमेकींना चिकटू लागतात. अंडे शिजवल्यावर त्यातील पारदर्शक द्रव पांढरा व घट्ट होतो आणि थंड केला तरी पूर्वीसारखा होत नाही, हा आपल्या स्वयंपाकघरातला रोजचा अनुभव याच जातीचा आहे. लीड्स येथील विल्यम अॅस्टबरी आणि सहकाऱ्यांनी १९३५ साली शिजवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाची ताणलेली पट्टी क्ष-किरणांखाली ठेवली. त्यांना जी रचना आढळली तिला पुढे 'क्रॉस-बीटा' म्हणू लागले. तिच्यात साखळ्यांचे तुकडे पट्टीच्या लांबीला आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे रचलेले असतात.

१९५९ साली अॅलन कोहेन आणि इव्हान कॅल्किन्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अमायलॉइड पाहिले, तेव्हा ते बारीक तंतूंचे बनलेले आढळले. १९६८ साली ईन्स आणि जॉर्ज ग्लेनर यांनी या तंतूंची क्ष-किरण तपासणी केली. त्यांना तीच आडव्या पायऱ्यांची मांडणी आढळली. दोन पायऱ्यांमधील अंतर सुमारे ४.७ अँगस्ट्रॉम. पुढे स्पष्ट होत गेले की प्रथिने निरनिराळी असली तरी अमायलॉइड झाल्यावर त्यांचा सांगाडा सारखाच असतो. म्हणजे रोग अनेक, पण बिघाडाची रीत एक. मग अपायाची रीतही एकच असेल काय, हा प्रश्न येथूनच निघतो.

पटलाचा स्वतंत्र अभ्यास

दरम्यान शास्त्राच्या वेगळ्याच दालनात पेशीच्या पटलाचा अभ्यास चालू होता. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर पसरवले. त्यांचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. यावरून पटल दोन थरांचे असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या थरांतील रेणूंची पाणी ओढणारी डोकी बाहेर आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या शेपट्या आत असतात. १९६२ साली म्युलर, रुडिन आणि सहकाऱ्यांनी असे दुहेरी पटल प्रयोगशाळेत एका छिद्रावर ताणून बसवले. १९६५ साली अॅलेक बँगहॅम यांनी स्निग्ध रेणूंचे पोकळ बुडबुडे तयार केले. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी पटल हे स्थिर भिंतीसारखे नसून प्रथिने तरंगत असलेल्या द्रवासारखे आहे, हे प्रारूप मांडले.

या पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्या पातळ पडद्यावर चेतापेशीचे सारे आयुष्य अवलंबून आहे. कॅल्शियमचे उदाहरण घ्यावे. पेशीच्या बाहेर मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते, कारण आत येणारे थोडेसे कॅल्शियम हाच तिच्यासाठी संदेश असतो. पटल गळू लागले तर संदेश आणि गोंगाट यांत फरक उरत नाही. शक्तिकेंद्रे बिघडतात आणि पेशी मरते.

अमायलॉइडचे अभ्यासक आणि पटलाचे अभ्यासक बराच काळ आपापल्या दालनात काम करत राहिले. एकाची साधने रंग आणि सूक्ष्मदर्शक, दुसऱ्याची विद्युत्प्रवाह मोजणारी यंत्रे. दोघांची गाठ पडली ती १९८० च्या दशकानंतर.

काखेत कळसा

१९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी अल्झायमर रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून एक लहान प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यालाच आज बीटा-अमायलॉइड म्हणतात. पुढच्या वर्षी मास्टर्स, बायरॉयटर आणि सहकाऱ्यांनी ठिपक्यांतही तेच आहे, हे दाखवले. (ग्लेनर यांचे १९९५ साली निधन झाले ते अमायलॉइडच्याच एका प्रकाराने, ज्यात हृदयादी अवयवांत साठे होतात.)

हे लहान प्रथिन येते कुठून? १९८७ साली त्याच्या मूळ प्रथिनाचे जनुक सापडले. ते २१व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र तिप्पट असते आणि अशा व्यक्तींना अल्झायमर लवकर होतो, या निरीक्षणाशी हे जुळले. पण त्या शोधातील दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची होती. ६९५ अमिनो आम्लांचे ते मूळ प्रथिन पेशीच्या पटलात रुतलेले असते. बीटा-अमायलॉइड हा त्याचा मधला तुकडा. त्याचा काही भाग पटलाच्या बाहेर आणि शेपटीकडील भाग प्रत्यक्ष पटलाच्या आत असतो. दोन विकर त्याला दोन ठिकाणी कापतात आणि त्यांपैकी दुसरा काप पटलाच्या पोटातच पडतो. काप कुठे पडतो यावर तुकडा ४० अमिनो आम्लांचा होणार की ४२चा, हे ठरते. ४२चा तुकडा अधिक चिकट असतो, कारण त्याला पाण्यापासून दूर राहणारी दोन अमिनो आम्ले जास्त मिळालेली असतात.

म्हणजे ज्या पदार्थाचा शोध पेशींच्या बाहेर साचलेल्या ठिपक्यांत घेतला जात होता, त्याचा जन्म पटलातच होत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. १९९२ साली निरोगी पेशीही हा तुकडा नेहमीच तयार करतात, हे सिद्ध झाल्यावर प्रश्न आणखी टोकदार झाला. तुकडा असणे हा रोग नव्हे. मग तो अपायकारक केव्हा होतो?

१९९२ साली हार्डी आणि हिगिन्स यांनी 'अमायलॉइड साखळी'चा सिद्धांत मांडला. त्यानुसार अमायलॉइड साचणे ही पहिली घटना असून तंतूंचे गुंते, पेशींचा मृत्यू आणि स्मृतिभ्रंश हे तिचे परिणाम होत. पुढील औषधसंशोधनाची दिशा याच सिद्धांताने ठरवली. त्याला पहिल्यापासूनच एक अडचण होती. १९८८ साली कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी बुद्धी शाबूत असलेल्या काही वृद्धांच्या मेंदूतही भरपूर ठिपके असल्याचे दाखवले होते. १९९१ साली रॉबर्ट टेरी यांच्या गटाला असे आढळले की स्मृतिभ्रंशाची तीव्रता ठिपक्यांच्या संख्येपेक्षा चेतापेशींमधील जोडांच्या नाशाशी अधिक जुळते. दिसते तसे नसते, हे येथे आकड्यांनीच सांगितले.

पटलाला पडणारी भोके

१९९३ साली नेल्सन अरिस्पे, एदुआर्दो रोहास आणि हार्वी पोलार्ड यांनी अमेरिकेत एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. कृत्रिम दुहेरी पटलात त्यांनी बीटा-अमायलॉइड मिसळले आणि विद्युत्प्रवाह मोजला. प्रवाह ठरावीक टप्प्यांनी चढत-उतरत होता, जणू पटलात दारे उघडत आणि मिटत होती. त्या वाटेने कॅल्शियम जाऊ शकत होते. त्याच्या आदल्याच वर्षी मार्क मॅट्सन यांच्या गटाने हेच प्रथिन चेतापेशींतील कॅल्शियमचा तोल बिघडवते, असे दाखवले होते. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवल्यावर चित्र असे दिसू लागले की पुंजका पेशीला बाहेरून दाबून मारत नाही. तो तिच्या पटलात शिरून ते गळके करतो.

१९९५ साली जपानमधील यानागिसावा यांनी अल्झायमरच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील मेंदूत बीटा-अमायलॉइड हे जीएम-१ गँग्लिओसाइड या पटलातील स्निग्ध घटकाला जखडलेले असल्याचे नोंदवले. म्हणजे पटल हे केवळ आघात सोसणारे नव्हते. पुंजका तयार होण्याची जागाही तेच असू शकत होते.

यानंतरच्या दहा वर्षांत लक्ष तंतूंकडून लहान पुंजक्यांकडे वळले. १९९८ साली लॅम्बर्ट, क्लाइन आणि सहकाऱ्यांनी तंतू न झालेले, विरघळलेल्या अवस्थेतील पुंजके चेतापेशींना घातक असल्याचे दाखवले. अशा मोजक्या रेणूंच्या पुंजक्यांना 'ऑलिगोमर' म्हणतात. २००२ साली फ्लॉरेन्स व केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी याहून धक्कादायक गोष्ट मांडली. ज्या प्रथिनांचा कोणत्याही रोगाशी संबंध नाही, त्यांपैकी एक तर जीवाणूचे होते, त्यांचेही सुरुवातीचे पुंजके पेशींना मारतात. तेच पुंजके पुढे पक्के तंतू झाले की बरेचसे निरुपद्रवी होतात. २००३ साली राकेझ कायेद आणि चार्ल्स ग्लेब यांनी निरनिराळ्या प्रथिनांच्या ऑलिगोमरना ओळखणारे एकच प्रतिपिंड तयार केले. प्रथिने भिन्न असूनही त्यांच्या पुंजक्यांत काहीतरी समान आकार आहे, याचा हा पुरावा होता. २००२ साली हिलाल लाशुएल, पीटर लान्सबरी आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कड्यासारखे पोकळ पुंजके पाहिले. २००५ साली रत्नेश लाल यांच्या गटाने कृत्रिम पटलात बसलेल्या अशाच रचना अणुबल सूक्ष्मदर्शकाने टिपल्या.

या सर्वांतून एक नवी समजूत पुढे आली. ठिपके हे कदाचित रोगाचे कारण नसून पेशींनी आणि निसर्गनियमांनी गोळा केलेला, तुलनेने निर्धोक झालेला कचरा असेल. खरा अपाय त्याआधीच्या अवस्थेत होत असेल.

कंपवात आणि प्रायॉन : दोन साक्षी

कंपवाताच्या संशोधनाने या समजुतीला आधार दिला. १९८८ साली एका विद्युत्मत्स्याच्या शरीरात सापडलेल्या प्रथिनाला 'सिन्यूक्लिन' नाव देण्यात आले होते. १९९७ साली इटलीतील व ग्रीसमधील काही कुटुंबांत त्याच्या जनुकातील एका बदलामुळे कंपवात होतो, हे पॉलिमेरोपुलोस आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्याच वर्षी मारिया स्पिलांतिनी आणि सहकाऱ्यांना लेवी पिंडांत तेच अल्फा-सिन्यूक्लिन आढळले. हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन पाण्यात मोकळे असताना त्याला निश्चित आकार नसतो. पटलाला चिकटले की ते मळसूत्रासारखा आकार घेते, हे १९९८ साली सिद्ध झाले. पटलाशी जुळवून घेणे हे त्याचे नित्याचे काम. तेच प्रथिन पुंजक्यात गेले की पटल बिघडवते. २०१५ साली केंब्रिजमधील प्रयोगांत असेही दिसले की योग्य प्रमाणात पटलाचे बुडबुडे मिळाले तर पुंजके बनण्याचा पहिला टप्पा हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक वेगवान होतो. २०१७ साली फुस्को आणि सहकाऱ्यांनी घातक ऑलिगोमरची एक बाजू पटलावर टेकते आणि दुसरी पटलाच्या आत घुसते, असे रचनात्मक वर्णन दिले.

२०१९ साली या कथेला अनपेक्षित वळण मिळाले. लेवी पिंड म्हणजे सिन्यूक्लिनच्या तंतूंचा गोळा, असे तोवर मानले जात होते. नव्या सूक्ष्मदर्शकतंत्राने पाहिल्यावर त्यांतील बहुसंख्य पिंडांत फाटलेल्या पटलांचे तुकडे, बुडबुडे आणि मोडक्या शक्तिकेंद्रांची दाटी दिसली. म्हणजे ज्याला आपण प्रथिनाचा साठा म्हणत होतो, तो पटलांचाही साठा होता.

दुसरी साक्ष प्रायॉन रोगांची. प्रायॉन हा शब्द स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ साली सुचवला. त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रायॉन प्रथिन निरोगी पेशीत एका स्निग्ध दोरीने पटलाला बांधलेले असते. २००५ साली ब्रूस चेसब्रो आणि सहकाऱ्यांनी ही दोरी नसलेले प्रथिन तयार करणारे उंदीर घेतले व त्यांना प्रायॉनचा संसर्ग केला. त्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचले, संसर्गक्षम द्रव्यही तयार झाले. पण नेहमीच्या रोगाची लक्षणे दिसली नाहीत. साठा तोच, पण पटलाशी बंधन नाही, तर रोगही तसा नाही. पटलाच्या बाजूने इतकी स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

आक्षेप आणि एक कटू प्रकरण

हा इतिहास सरळ रेषेत गेला असे समजणे चूक ठरेल. ऑलिगोमर खरोखर भोके पाडतात की नुसते पटल पातळ व सैल करतात, यावर मोठा वाद झाला. २००६ साली एका गटाने भोके नसतानाही पटलातून प्रवाह वाढतो, असे दाखवले. २००९ साली मायकेल मेयर यांच्या गटाने त्याचे एक कारण शोधले. प्रथिन विरघळवण्यासाठी वापरलेल्या द्रावकाचे अवशेष नमुन्यात राहिले तर ते स्वतःच पटल पातळ करतात. द्रावक नीट काढून टाकल्यावर पुन्हा टप्प्याटप्प्याने बदलणारा, म्हणजे भोकांसारखा, प्रवाह दिसला. ज्याला शोध समजावे तो भांड्यातील उरलेल्या द्रावकाचा परिणाम असू शकतो, हा धडा प्रयोगशाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ऑलिगोमर पटलातील विशिष्ट ग्राहक प्रथिनांना चिकटून अपाय करतात, असेही एक मत आहे. २००९ साली स्ट्रिटमॅटर यांच्या गटाने असा एक ग्राहक म्हणून चक्क निरोगी प्रायॉन प्रथिनाचेच नाव घेतले. त्यावरही पुढे मतभेद झाले. अपाय एकाच मार्गाने होत नसावा, असे मानण्यास आज जागा आहे.

वाद हे शास्त्राचे आरोग्य असते. बनाव हा त्याचा रोग. २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात एका विशिष्ट ऑलिगोमरमुळे उंदरांची स्मृती जाते, असा निबंध आला आणि तो हजारो वेळा उद्धृत झाला. २०२२ साली त्यातील प्रतिमांविषयी गंभीर शंका जाहीरपणे मांडल्या गेल्या. प्रतिमांत अवाजवी फेरफाराच्या खुणा आढळल्याने २०२४ साली तो निबंध मागे घेण्यात आला. यावरून ऑलिगोमरची सारी कल्पनाच खोटी, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. तो बरोबर नाही. वर सांगितलेले १९९३, १९९८, २००२, २००३ या वर्षांचे काम त्या निबंधावर उभे नव्हते. ते वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या प्रथिनांवर, वेगवेगळ्या हातांनी झालेले आहे. मात्र एका निबंधावर विसंबून ज्यांनी आपली वर्षे आणि निधी खर्च केला, त्यांचे नुकसान भरून निघणार नाही.

औषधांपर्यंतचा प्रवास

या साऱ्याचा रुग्णाला काय उपयोग, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. ठिपके हटवणाऱ्या पहिल्या अनेक औषधांना अपयश आले. स्वीडनमधील लार्स लानफेल्ट यांनी वेगळी वाट धरली. उत्तर स्वीडनमधील एका कुटुंबात आढळलेल्या जनुकीय बदलाचे वर्णन त्यांनी व सहकाऱ्यांनी २००१ साली केले. या बदलामुळे प्रोटोफायब्रिल, म्हणजे तंतू होण्याआधीचे मोठे विरघळणारे पुंजके, जास्त बनतात. अशा पुंजक्यांवर नेम धरणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. त्याचेच पुढचे रूप म्हणजे लेकानेमॅब. १,७९५ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ साली आले, रोगाची घसरण औषध न घेतलेल्या गटापेक्षा २७ टक्क्यांनी मंदावली. अमेरिकेत त्याला २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. १८ गुणांच्या मापपट्टीवर दोन गटांतील फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. गेलेली स्मृती परत आली नाही. जाण्याचा वेग कमी झाला. सुमारे आठात एका रुग्णाच्या मेंदूत सूज दिसली. शिवाय हे औषध ठिपकेही कमी करते; त्यामुळे लाभ कोणत्या कारणाने झाला, हे केवळ या चाचणीवरून ठरवता येत नाही. तरीही शतकभराच्या अपयशानंतर रोगाच्या मुळाशी हात घालून मिळालेले हे यश आहे, आणि ते पुंजक्याच्या आधीच्या अवस्थेचा विचार केल्याने मिळाले आहे.

मुंबईतील काम

हा इतिहास केवळ युरोप-अमेरिकेचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने बीटा-अमायलॉइडचे सुटे रेणू आणि लहान ऑलिगोमर यांची तुलना केली. पटलाला चिकटण्याची ओढ सुट्या रेणूंपेक्षा ऑलिगोमरमध्ये कितीतरी अधिक असल्याचे त्यांनी २०१३ साली दाखवले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत समीर माजी यांच्या गटाने २०२० साली अल्फा-सिन्यूक्लिन तंतू होण्याआधी द्रव थेंबांच्या अवस्थेतून जाऊ शकते, असे दाखवले. पुण्या-मुंबईतच नव्हे, बेळगाव, हैदराबाद, इंदूर येथे विज्ञान शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यालाही हा विषय परका वाटू नये, यासाठी ही उदाहरणे पुरेशी आहेत.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निघतात. पहिली, साधन आणि समजूत यांचे नाते. रंगांनी ठिपके दाखवले, म्हणून ठिपके कारण ठरले. विद्युत्प्रवाह मोजता आला, तेव्हा पटल दिसू लागले. दुसरी, दोन ज्ञानशाखांमधील भिंत. पटलाचे शास्त्र १९७० च्या दशकातच पुरेसे प्रगत होते. पण अमायलॉइडच्या अभ्यासकांना त्याची गरज वाटायला आणखी वीस वर्षे लागली. तिसरी, पुराव्याचे वजन. एक गाजलेला निबंध कोसळला तरी ज्या कल्पनेला अनेक स्वतंत्र आधार होते ती उभी राहिली. आणि जिला एकच आधार असतो ती कितीही मोठ्या नियतकालिकात छापली गेली तरी तिच्यावर घर बांधू नये.

पुंजका पटलापाशी नेमके काय करतो, याची अखेरची मांडणी अजून व्हायची आहे. तोवर घरातील वडीलधारे माणूस तीच गोष्ट चौथ्यांदा विचारू लागले, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता त्यांना वेळेवर तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. आज जी थोडी औषधे हाती आली आहेत, ती रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतच उपयोगी पडतात. पटल एकदा फाटले आणि पेशी एकदा गेली की ती परत आणण्याचा उपाय अद्याप कोणाजवळही नाही.